एअर फ्रायरमधली कोंबडी: वेळ वाचवा, वास लपवू नका



वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यातल्या आपल्या घरांत गेल्या काही वर्षांत एक नवं यंत्र शिरलंय. एअर फ्रायर. चार-पाच हजारांपासून मिळतो, ऑनलाइन सेल लागला की आणखी स्वस्त, आणि हप्त्यावर तर कुणालाही. बचत गटाच्या बैठकीत पूर्वी मिक्सर कुठल्या कंपनीचा चांगला यावर चर्चा व्हायची, आता एअर फ्रायर किती लिटरचा घ्यावा यावर होते. मला या यंत्राचं कौतुक आहे, हे आधीच सांगते. पण त्याची तारीफ करताना बायका दोन वाक्यं एका दमात बोलतात. पहिलं वाक्य: "ताई, वीस मिनिटांत चिकन होतं, गॅसपुढे उभं राहावं लागत नाही." दुसरं वाक्य: "आणि वासपण बाहेर जात नाही, शेजाऱ्यांना कळतसुद्धा नाही."

पहिल्या वाक्याच्या बाजूने हा लेख आहे, दुसऱ्याच्या विरोधात.

काही जणांना वाटेल, चळवळीचे प्रश्न संपले म्हणून ही आता कोंबडीवर लिहायला लागली. तसं वाटणाऱ्यांनी एक हिशोब करून बघावा. आपली विहारातली वंदना रविवारी, वाचन मंडळ रविवारी, शाखेची बैठक रविवारी, अकराच्या सुमारास. आणि कोंबडी कधी? तीही रविवारीच. विरारहून चर्चगेटला कामाला जाणाऱ्या बाईचा एका बाजूचा प्रवास दीड तासाच्या घरात जातो. आठवडाभर तिला मीठमसाला लावायलाही फुरसत नसते, म्हणून रविवार. त्यामुळे आपण ज्या वेळी "स्त्रियांचा चळवळीतला सहभाग" या विषयावर बोलत असतो, नेमक्या त्याच वेळी ती बाई घरी कांदा-खोबरं भाजत असते. बैठकीला आलेल्या पुरुषाला दीड वाजता गरम जेवण मिळतं. मग आपणच अहवालात लिहितो, महिलांची उपस्थिती कमी.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे सगळ्यांनी पाठ करावेत असे आहेत. बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. हे भारताचे आकडे आहेत, सगळ्या जातींचे मिळून. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो असं सांगितलं होतं. ते वाक्य आपण दर ८ मार्चला बॅनरवर छापतो. बॅनर बांधायला पोरं असतात आणि नाश्ता करायला बायका.

तर यंत्राकडे. नाव फसवं आहे, त्यात काही तळलं जात नाही. वर तापणारी कॉइल, तिच्यावर जोरात फिरणारा पंखा, खाली जाळीची टोपली, बस्स. गरम हवा पदार्थाभोवती घुमते आणि बाहेरचा थर वाळवून खरपूस करते. म्हणजे छोटी भट्टी. फ्रेड व्हॅन डेर वाय या डच माणसाचं हे डिझाइन फिलिप्सने २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात आणलं. युरोपातल्या लोकांना बटाट्याच्या फिंगर चिप्स कमी तेलात हव्या होत्या, त्यासाठी. आपल्या कामाला ते कोंबडीसाठी आलं.

आता कृती. कार्यकर्त्या पोरांसाठी मुद्दाम सविस्तर देते, कारण "मला येत नाही" ही सबब यात चालण्यासारखी नाही.

अर्धा किलो ब्रॉयलर घ्या, हाडासकट, शक्यतो लेग पीस, आणि दुकानदाराला कातडी ठेवायला सांगा. विथ स्किन कोंबडी स्किनलेसपेक्षा स्वस्त पडते आणि या यंत्रात तीच चांगली होते, कारण कातडीतली चरबी वितळते आणि मांस कोरडं पडत नाही. गावठी कोंबडीच्या वाटेला जाऊ नका, ती चिवट असते, तिला चूल किंवा कुकरच पाहिजे. तुकड्यांना सुरीने दोन-तीन खोल चिरा द्या. चमचाभर मीठ, अर्धा चमचा हळद, मोठा चमचाभर आलं-लसूण वाटण, दीड चमचा लाल तिखट, अर्धं लिंबू, चमचाभर तेल. आणि मग मसाला: दोन चमचे येसर. येसर घरात नसेल तर काळा मसाला, तोही नसेल तर कांदा-लसूण मसाला. मराठवाड्यातून आलेल्यांना येसर सांगायला नको. त्यात भाजलेल्या धान्याचं पीठ असतं, त्यामुळे कोंबडीला जो खरपूस पापुद्रा येतो तो बाजारातल्या पेरी-पेरीच्या पाकिटाने येत नाही. मसाला कोरडा भुरभुरू नका. पंखा तो उडवतो, मग कॉइलवर जळून कडू वास येतो. सगळं ओलं कालवून चोळा आणि अर्धा तास ठेवा. कामावर जाणाऱ्यांनी सकाळी चोळून फ्रिजमध्ये ठेवून जावं, संध्याकाळी उतरलेली चव वेगळीच असते.

यंत्र तीन मिनिटं रिकामं तापवा. १९० अंशांवर तुकडे एकमेकांवर न चढवता लावा. दहा मिनिटं एक बाजू, उलटून आणखी आठ ते दहा मिनिटं. हाडाजवळ सुरी टोचली की पाणी स्वच्छ निघालं पाहिजे, गुलाबी निघालं तर अजून तीन मिनिटं. (ज्यांच्याकडे स्वयंपाकाचा थर्मामीटर आहे त्यांच्यासाठी, आतलं तापमान ७४ अंश.) बाहेर काढून पाच मिनिटं तशीच राहू द्या. वर कच्चा कांदा, लिंबू.

एक सूचना विसरू नका. ही यंत्रं साधारण १४०० ते १५०० वॅटची असतात, म्हणजे सहा अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतात. आपल्याकडच्या चाळीत आणि जुन्या इमारतीत टीव्ही-मोबाइलचा जो छोटा प्लग असतो त्यावर, आणि त्यातही एक्स्टेन्शन बोर्डावर हे लावणं म्हणजे आगीला बोलावणं. गिझर-फ्रिजचा मोठा सोळा अँपिअरचा प्लग लागतो. वायरिंग जुनी असेल तर आधी वायरमनला दाखवा. वीज मात्र फार लागत नाही. वीस मिनिटांना अर्धा युनिट, तेही यंत्र सतत पूर्ण ताकदीने चाललं तर.

म्हणजे मसाला चोळायला दहा मिनिटं आणि यंत्रापुढे उभं न राहता वीस. रविवारच्या अकराच्या बैठकीला नवराही येऊ शकतो, बायकोही येऊ शकते, आणि परत जाऊन दोघांपैकी कुणीही बटण दाबू शकतं. "कुणीही" या शब्दावर माझा भर आहे. यंत्राने वाचवलेला वेळ आपोआप बाईला मिळत नाही. मिक्सर आला तेव्हा पाटा-वरवंटा गेला आणि त्या जागी रोज तीन चटण्यांची फर्माईश आली. वाचलेला वेळ कुठे जातो हे घरात कोण ठरवतं, त्यावर सगळं आहे.

या यंत्राची एक मर्यादा जाहिरातीत कधी येत नाही. त्यात रस्सा होत नाही. अर्धा किलो कोंबडी सुकी केली की दोन माणसं, फार तर तीन. त्याच अर्ध्या किलोचा रस्सा केला की सहा माणसं भाकरी कुस्करून जेवतात आणि ऐनवेळी पाहुणा आला तर पातेल्यात तांब्याभर पाणी वाढवता येतं. आपल्या आज्यांनी मांस असंच पुरवलं. रस्सा हे टंचाईतलं वाटपाचं गणित होतं. चार लिटरच्या टोपलीमागे गृहीत धरलेलं घर वेगळं आहे: नवरा, बायको, एक मूल, दोन बेडरूम, वेगळा प्लग. ज्या घरात सासू, दीर आणि गावाहून शिकायला आलेला भाचा आहे, त्या घराने हप्ता काढण्याआधी दोनदा विचार करावा. तिथे कुकरच खरा. तिथे वेळ वाचवायचा असेल तर भाच्याला कांदा चिरायला बसवणं जास्त उपयोगाचं.

आणि "बिनतेलाचं" या शब्दाची तर गंमतच आहे. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे २०१५ चं पुस्तक ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या जेवणाची ती नोंद आहे. तेल-तूप ज्यांच्या घरात नव्हतंच, त्यांनी जनावराच्या चरबीवर आणि निखाऱ्यावर कसं भागवलं, ते त्यात कळतं. त्याच्या आधी २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दलितांच्या अन्नाच्या आठवणी आणि पाककृती गोळा केल्या होत्या. म्हणजे तेलाविना, स्वतःच्याच चरबीत मांस भाजणं आपल्याला नवं नाही. आजीने केलं तेव्हा ते दारिद्र्य होतं, पाच हजारांच्या यंत्राने केलं की ते आरोग्य झालं. पदार्थ बदलला नाही, खाणाऱ्याचा वर्ग बदलला. समाजशास्त्रात आम्हाला बोर्दियू शिकवताना "अभिरुची ही वर्गाची खूण असते" असं सांगायचे. मला ते आजीच्या चुलीपाशी आधीच कळायला हवं होतं.

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे येते.

वासाची भीती कुठून आली? वसई तालुक्याचा मूळ वासच मासळीचा आहे. अर्नाळ्याला, पाचूबंदरला, नायगावच्या कोळीवाड्यात बोंबील वाळतात. इथल्या ख्रिस्ती घरांत बॉटल मसाल्याचं मांस शिजतं, आदिवासी पाड्यांवर खेकडे-मासे आणि कोंबडी असते, आगरी-वाडवळांच्या ताटाबद्दल तर बोलायलाच नको. या मातीत मांसाचा वास ही लाज कधीच नव्हती. लाज आणली ती नव्या कॉम्प्लेक्सांनी. काही वर्षांपूर्वी भाड्याचं घर शोधताना मला इथल्या एका इस्टेट एजंटने फोनवर तीन प्रश्न विचारले होते, याच क्रमाने: आडनाव काय, नॉनव्हेज खाता का, नोकरी कुठे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याला नीट लागलं नाही, म्हणून दुसरा विचारला, हे मला तेव्हाच समजलं. आपल्यातल्या शेकडो जणांना हा अनुभव आहे. थेट जात विचारणं आता अडचणीचं झालंय, मग ताट विचारायचं. आणि हा नुसता शाकाहाराचा आग्रह आहे असं म्हणणाऱ्यांनी शाकाहारी असलेल्या एखाद्या बौद्ध कुटुंबाला त्याच सोसायटीत घर मिळतं का, तेवढं तपासून सांगावं.

अशा इमारतीत कसंबसं घर मिळालेलं कुटुंब मग काय करतं? खिडक्या लावून घेतं. एक्झॉस्ट फॅन बंद ठेवतं. कोंबडीची पिशवी ऑफिसच्या बॅगेत घालून लिफ्टने वर नेतं, हाडं काळ्या पिशवीत गुंडाळून रात्री दूरच्या कचराकुंडीत टाकतं. आणि मग एअर फ्रायर घेतं, कारण त्याने फोडणीचा घमघमाट जिन्यात जात नाही. (खरं तर थोडा जातोच. मागच्या बाजूने गरम हवा बाहेर पडते, तिला वास असतो.) मी त्या कुटुंबाला दोष देत नाही. मुलांची शाळा, डिपॉझिट, कामाचं अंतर यात अडकलेल्या माणसाला दारात उभं राहून "हो, आम्ही खातो" म्हणणं किती महाग पडतं, ते मला माहीत आहे. माझा वाद त्यातल्या समाधानाशी आहे. "शेजाऱ्यांना कळत नाही" हे आपण आनंदाने सांगायला लागलो, तिथे माझा वाद सुरू होतो.

९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'कास्ट्स इन इंडिया' या निबंधात पंचविशीतल्या बाबासाहेबांनी जात पसरण्याची एक यंत्रणा सांगितली होती: अनुकरण. वरच्यांनी दार लावून घेतलं, मग खालच्यांनी त्यांचं पाहून आपापली दारं लावून घेतली. पुढे श्रीनिवासांनी त्याच्याशी नातं सांगणाऱ्या प्रक्रियेला संस्कृतीकरण म्हटलं आणि विद्यापीठात आम्ही तेवढंच पाठ केलं. आज आपल्यातही हे अनुकरण दिसतं. चाळीतून टॉवरमध्ये गेलेला आपलाच माणूस, "आम्ही आता घरात करत नाही, बाहेर जाऊन खातो" असं अभिमानाने सांगतो. वर्षावासात तीन महिने मांस सोडणारे आहेत. स्वेच्छेने सोडत असतील तर माझी हरकत असण्याचं कारण नाही. पण त्यातले काही जण न सोडणाऱ्यांकडे ज्या नजरेने बघतात, ती नजर विहारातली नाही, ती सोसायटीच्या जिन्यातली आहे.

यावर कुणीतरी हटकून महाड काढतं. १९२७ ला बाबासाहेबांनीच मांस सोडायला सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं ते मेलेल्या ढोराचं मांस, आणि त्यासोबत उष्टं-शिळं मागणं. ते गुलामीचं चिन्ह म्हणून सोडायचं होतं. विकत आणलेल्या अर्ध्या किलो कोंबडीचा त्याच्याशी संबंध नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात ते मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक करतात आणि बुद्धाच्या अहिंसेचा सांधा तिथे बसवतात. विनयातही भिक्षूला त्रिकोटीशुद्ध मांस चालतं: आपल्यासाठी मारलं हे पाहिलेलं नसावं, ऐकलेलं नसावं, तशी शंका नसावी.

आपण तर सोपाऱ्याचे शेजारी. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप उकरला, इथेच अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले. अशोकाने पहिल्या शिलालेखात स्वतःच्या स्वयंपाकघराचा हिशोब दिला आहे, पूर्वी लाखो प्राणी मारले जायचे, आता दोन मोर आणि एक हरीण, हरीणही रोज नाही. हो, पाचव्या स्तंभलेखात त्याने काही दिवशी काही प्राणी मारायला बंदीही घातली होती, हेही मान्य करू. तो राजा होता. आपण संविधानाखाली राहतो.

संविधानाखाली काय चालतं तेही बघा. १५ ऑगस्ट २०२५ ला कल्याण-डोंबिवली महापालिकेने १९८८ च्या ठरावाचा आधार देऊन मांसविक्रीची दुकानं बंद ठेवायला लावली. मालेगाव, छत्रपती संभाजीनगर, नागपूर इथेही तसेच आदेश निघाले. स्वातंत्र्यदिनी! विरोध झाला, सत्तेतल्या अजित पवारांनीसुद्धा हे बरोबर नाही म्हटलं. २०१४ च्या एसआरएस बेसलाइन सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरचे सुमारे साठ टक्के लोक मांसाहारी आहेत. साठ टक्के लोकांनी चाळीस टक्क्यांची माफी मागत जेवायचं, अशी ही व्यवस्था आहे, आणि चाळिसातल्या बहुतेकांनी ती मागितलेलीसुद्धा नाही.

मग करायचं काय? कायद्याची बाजू आधी समजून घेऊ. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ प्रमाणे पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. म्हणजे घर विकत घेणाऱ्याच्या हातात काहीतरी आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारे उपविधी वैध ठरवले, हा मोठा अडथळा आहे. आणि संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते यांची नावं आहेत, पण खासगी मालकाने भाड्याने द्यायचं घर तिथे स्पष्ट शब्दांत नाही. भाड्याच्या घरात जात, धर्म आणि आहार यावरून नकार देणं हा गुन्हा ठरवणारा कायदा आपल्या राज्यात व्हावा, ही मागणी आता आपल्या प्रत्येक निवेदनात यायला हवी. आपली पोरं आरक्षणाच्या प्रश्नावर रस्त्यावर येतात, घराच्या प्रश्नावर एजंटशी हुज्जत घालून गप्प बसतात.

निवेदनाला पुरावा लागतो. वसई ते विरार या भागात ज्यांना ज्यांना आहार विचारून घर नाकारलं गेलंय, त्यांनी तारीख, इमारत, कोण काय बोललं, हे लिहून काढावं. एजंटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "ओन्ली व्हेज फॅमिली" म्हणून आलेल्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत, डिलीट करू नयेत. रविवारच्या बैठकीत हे कागद एकत्र करू. बैठक अकरालाच आहे, कोंबडीला मसाला चोळून या. दोघंही या.

जय भीम.